बीगल, धनुष्य आणि कॉटनटेल : मिशिगनच्या हिवाळ्यात सशाच्या शिकारीचा पहिला दिवस

जानेवारी लागला की दक्षिण मिशिगनमधली रानं मोकळी होतात. १५ ते ३० नोव्हेंबर हा हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो, त्यापुढच्या डिसेंबरातही रानात माणसांची वर्दळ असते. ती ओसरली की काटेरी जाळ्यांमध्ये ससेच उरतात आणि त्यांच्या मागावर बीगल जातीचे कुत्रे. बीगलांच्या साथीनं, धनुष्यबाण घेऊन सशाची शिकार शिकायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारी हेच महिने खरे. डेट्रॉइटच्या आसपास नोव्हाय, कँटन, ट्रॉय या गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत. कामावरचा एखादा सहकारी आग्रहानं बोलावतो, जायची इच्छाही असते, पण तिथे नेमकं काय करायचं हे नीट कुणी सांगत नाही. हा लेख अशांसाठी आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पुढचं सगळं मिशिगनपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि त्यात आपला माळरानावरचा ससाही येतो. गावी गेल्यावर यातलं काहीही करून बघायचं नाही.

ससा परत का येतो

या शिकारीचं सगळं गणित सशाच्या एका सवयीवर उभं आहे, म्हणून आधी ससा समजून घ्या. इथला ससा म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल. वजन साधारण एक ते दीड किलो, लांबी हातभर, शेपटीखाली कापसासारखा पांढरा झुबका. पुणे-नगरच्या माळावर रात्री गाडीच्या उजेडात जो दिसतो तो वेगळा प्राणी : अंगानं मोठा, लांब पायांचा, मोकळ्यावर पळून निभावणारा. कॉटनटेल झुडपांतला आहे. त्याचा सगळा संसार काही एकरांत असतो आणि त्या एकरांतली प्रत्येक वाट, प्रत्येक भोक, प्रत्येक पडलेला ओंडका त्याला पाठ असतो. त्या हद्दीबाहेर जायला तो नाखूश असतो. म्हणून कुत्र्यांनी उठवला की थोडा पुढे जातो, वळतो, आणि उठला होता त्याच जागेच्या जवळपास परत येतो. उत्तर मिशिगनमधला स्नोशू ससाही असाच फिरून येतो, पण त्याची फेरी फार मोठी असते. नवख्यानं कॉटनटेलपासूनच सुरुवात करावी.

बीगल सशाला धावून पकडत नाही, तसं त्याच्याकडून अपेक्षितही नसतं. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदीत बीगलच्या दोन उंची आहेत : १३ इंचांपर्यंतचे आणि १३ ते १५ इंचांमधले. एवढ्या ठेंगण्या कुत्र्याचं काम म्हणजे नाक जमिनीला लावून माग काढत राहणं आणि तोंडानं सतत सांगत राहणं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये बीगल पाळणाऱ्यांना त्याचं हे नाक चांगलंच माहीत आहे. फिरायला नेलं की मान वर म्हणून करत नाही. तो हट्ट इथे कामाला येतो. कुत्रे मागावर सावकाश येत असतात, ससा त्यांच्या बराच पुढे असतो. दोन उड्या मारतो, थांबतो, कान फिरवून ऐकतो, पुन्हा दोन उड्या. धनुष्यवाल्याला संधी मिळते ती याच थांबण्यामुळे. ससा जिवाच्या आकांतानं पळत असता तर धनुष्यानं ही शिकार फार थोड्यांना जमली असती.

तेव्हा शिकायचं ते हे : सशाची फेरी ओळखायची, तिच्यावर योग्य ठिकाणी उभं राहायचं, आणि कुत्रे कुठे आहेत हे पक्कं कळल्याशिवाय दोरी ओढायची नाही.

परवाना आणि परवानगी

मिशिगनमध्ये लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी बेस लायसन्स, म्हणजे मूळ परवाना, लागतो. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अजून झाला नसेल तर अप्रेंटिस परवाना काढता येतो. मात्र रानात बरोबर परवानाधारक जाणता माणूस हवा, आणि ही सवलत दोनच वर्षं मिळते. माझा सल्ला असा की सवलतीवर न राहता अभ्यासक्रम करूनच टाका. त्यात झाडीमागे काय आहे ते न पाहता नेम धरू नये, हे जे घोकून घेतात, ते कुत्र्यांसोबतच्या शिकारीत पदोपदी लागतं.

सशांचा हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ मार्च. दिवसाला माणशी पाच, आणि घरचा साठा धरून जवळ जास्तीत जास्त दहा. नियम बदलू शकतात, म्हणून राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे डीएनआरची, त्या वर्षीची पुस्तिका निघण्यापूर्वी वाचा. भगवी टोपी आणि जाकीट घालाच. इथलं भगवं म्हणजे डोळ्यांत भरणारं, चकाकतं. ससा रंगावरून नाही, हालचालीवरून सावध होतो.

नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक मुद्दा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला काही अपवाद सोडता मनाई आहे. धनुष्यबाण त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. शिकारीचा परवाना मात्र सगळ्यांसारखाच काढावा लागतो.

जागा सरकारी हवी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची. लान्सिंगजवळचं रोज लेक, जॅक्सनच्या बाजूचं शॅरनव्हिल, पश्चिमेकडची बॅरी आणि अ‍ॅलेगन ही राज्याची शिकारक्षेत्रं सर्वांना खुली आहेत. खाजगी शेतावर जायचं तर आधी मालकाला भेटून विचारायचं, आणि कुत्रे आणणार आहोत हेही सांगायचं. माणसाला हद्दीचं कुंपण कळतं, बीगलला कळत नाही.

आधी कुत्रेवाला शोधा, मग धनुष्य

बीगल विकत घेऊन सुरुवात करू नका. शिकारीचा बीगल घडायला हंगामच्या हंगाम लागतात. त्यापेक्षा बीगल क्लबमधल्या एखाद्या जुन्या माणसाशी ओळख काढा. मिशिगनमध्ये असे क्लब आहेत आणि त्यांच्या मैदानी चाचण्या पाहायला जाता येतं. पहिल्या खेपेला रिकाम्या हातानं जा. धनुष्य नको. फक्त कुत्र्यांमागे चालायचं आणि ऐकायचं. हे आपणहून सुचवलंत तर कुत्रेवाल्याचा तुमच्यावर विश्वास बसतो, कारण त्याला खरी धास्ती आपल्या कुत्र्यांची असते.

काही रीती सांभाळाव्या लागतात. दुसऱ्याच्या कुत्र्याला नावानं हाक मारू नये, त्याला खाऊ देऊ नये, माग लागलेला असताना ओरडून प्रोत्साहन देऊ नये. झुडपातून ससा नुकताच उठला आणि मागोमाग कुत्रे आहेत, अशा वेळी बाण सोडायचा नाही. एक तर ते धोक्याचं, आणि दुसरं म्हणजे निदान एक फेरी ऐकावी म्हणूनच लोक कुत्रे घेऊन येतात. बहुतेक कुत्रेवाल्यांना पाच ससे मिळण्यापेक्षा एका सशामागची लांब, न तुटणारी फेरी जास्त प्रिय असते. मलाही.

धनुष्य, बाण, टोकं

साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्या, ३५ ते ४५ पौंड ओढीचं. कंपाउंड, म्हणजे चाकांवरून दोरी फिरणारं धनुष्य चालणार नाही असं नाही, पण ससा दोन झुडपांच्या फटीत क्षणभर थांबतो, तेवढ्यात ओढून सोडायचं असतं, आणि तिथे रिकर्व्ह हाताला चटकन येतं. लांबी ५८-६० इंचांच्या आसपास असली तर बरं. लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीचं लांब धनुष्य, फार देखणं, पण गुडघ्यावर बसून नेम धरलात की त्याचं खालचं टोक बर्फात किंवा काटक्यांत अडकतं.

बाणाच्या टोकाबाबत मी हटवादी आहे. धारदार पात्याचं टोक, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, बीगलांबरोबर असताना भात्यात ठेवूच नये. चुकलेला बाण बर्फाखाली नाहीसा होतो आणि तासाभरानं त्याच जागेवरून चार कुत्रे पोटं घासत जातात. सशासाठी बोथट टोक पुरेसं असतं : पोलादी ब्लंट, किंवा ज्यूडो पॉइंट. ज्यूडोच्या टोकामागे चार तारेचे आकडे असतात. ते गवतात, पाचोळ्यात अडकतात, त्यामुळे बाण जमिनीलगत सरपटत गडप होत नाही, उलटून उभा राहतो आणि सापडतो. नुसत्या रबरी टोकांवर मात्र विसंबू नये; हलक्या धनुष्यातून त्यांचा घाव कधी कधी अपुरा पडतो आणि ससा जखमी होऊन बिळात जातो. पिसं भडक रंगाची लावा, पिवळी किंवा गुलाबी. पांढरी नकोत. आठ-दहा बाण जवळ ठेवा.

थंडीचे कपडे आणि धनुष्य यांचं जमत नाही, त्याची तयारी घरीच करावी. जाडजूड बाही दोरीच्या आड येते, म्हणून आर्मगार्ड, म्हणजे दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणारा पट्टा, जाकिटाच्या वरून बांधायचा. टोपीची पुढची झडप दोरीला लागते. लोकरीची कानटोपी बरी. छातीवरचे खिसे, झिपचे लोंबते बंद, दुर्बिणीचा पट्टा, सगळं काढून टाका. पँट मात्र पुढून दुहेरी कापडाची, काट्यांसाठी शिवलेली हवी. इथल्या जाळीत साध्या जीन्सचं फडकं होतं.

सराव उभं राहून वीस यार्डांवरच्या गोल निशाणावर करून उपयोग नाही. फोमची चकती कुणाला तरी उतारावरून घरंगळत सोडायला सांगा आणि तिच्यावर बाण मारा. गुडघ्यावर बसून मारा, कमरेत वाकून मारा. हिशेबही लक्षात घ्या. ४०-४५ पौंडांच्या रिकर्व्हचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. ससा १५ मीटरवर असेल तर बाणाला पोचायला ०.३ सेकंद लागतात. रमतगमत उड्या मारणारा ससा सेकंदाला ३ मीटर गेला, तर तेवढ्यात तो ९० सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे नेम त्याच्या दोन लांबी पुढे हवा. जोरात पळत असेल तर आणखी पुढे, आणि तेव्हा खरं तर सोडूच नये. थांबलेल्या सशावर हे काहीच लागत नाही, म्हणून थांबलेलाच ससा घ्यायची सवय लावा. १५ मीटरच्या पलीकडे पहिल्या वर्षी बाण सोडू नका.

दिवस कोणता निवडावा

कुत्र्यांना वास धरायला जमिनीत थोडी ओल लागते. तापमान शून्याच्या जरासं खाली किंवा वर, वारा मंद, जमिनीवर एक-दोन दिवसांचा, थोडा बसलेला बर्फ, हे उत्तम. फार कडाक्याच्या थंडीत पडलेला कोरडा, भुरभुरीत बर्फ वास दाबून टाकतो. कुत्रे नाकाडभर बर्फ हुंगत फिरतात आणि माग तुटत राहतो. बर्फावर कडक पापुद्रा धरला असेल तर बेतच रद्द करा. त्या कडांनी कुत्र्यांचे पंजे कापतात आणि दोन तासांत बर्फावर रक्ताचे ठिपके दिसू लागतात.

घाईनं पहाटे निघायची गरज नाही. नऊ-साडेनऊला पोचलात तरी चालतं. वादळी रात्रीनंतरची उन्हाची, शांत सकाळ मिळाली तर सोडू नका, ससे उन्हाला येऊन बसतात.

जाळी कशी ओळखायची

उंच, मोकळं जंगल सोडून द्या. ससा माणसाच्या कमरेएवढ्या गचपणात असतो : ब्लॅकबेरीच्या काट्यांत, पडीक शेतांच्या कडांना, पाणथळीतल्या कणसाच्या गवताच्या काठानं, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाखाली. मल्टिफ्लोरा गुलाबाची जाळी दिसली तर तिथे पहिल्यांदा जा. हा गुलाब मूळचा पूर्व आशियातला. १९३० च्या दशकापासून माती धरून ठेवायला आणि जिवंत कुंपण म्हणून इथल्या सरकारनंच शेतकऱ्यांना लावायला सांगितला. आता तो उपटून निघत नाही. शेतकरी त्याच्यावर वैतागलेले असतात. सशाला मात्र त्याच्याइतका सुरक्षित वाडा दुसरा नाही.

बर्फात ठसे बघा. मागे एकापुढे एक दोन बारीक ठिपके आणि पुढे शेजारी शेजारी दोन लांबट ठसे. हे पुढचे मोठे ठसे मागच्या पायांचे असतात; ससा उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्या पुढे टाकतो. मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. गोल, वाटाण्याएवढ्या लेंड्या आणि चाकूनं तिरकं छाटल्यासारखी दिसणारी कोवळ्या फांद्यांची टोकं आढळली की कुत्रे सोडायला हरकत नाही. मात्र आधी रस्ता किती दूर आहे ते पाहा. सशामागे लागलेला बीगल गाडीकडे बघत नाही. रस्ता अर्धा किलोमीटरच्या आत असेल तर दुसरी जागा शोधा. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा आणि मालकाचा फोन नंबर असायलाच हवा.

कान लावून उभं राहणं

आता दिवसाचा गाभा. कुत्रे जाळीत शिरतात तेव्हा गप्प असतात. नाकं खाली, शेपट्या वर. एखाद्याला जुना वास लागला की शेपटी जोरात हलू लागते, मग सबंध कंबर हलते, मग एक कापरं, प्रश्नार्थक कुईं ऐकू येतं. तेवढ्यात कुणीतरी "टॅली-हो" ओरडतो, म्हणजे त्यानं ससा डोळ्यांनी पाहिला. लगेच सगळ्या कुत्र्यांना त्या जागी नेतात, आणि एकदम सगळे गळे फुटतात. काहींचा गळा लांब, हेल काढणारा, काहींचा तोडून तोडून भुंकणारा. दोन फेऱ्या ऐकल्या की कुठला आवाज कुठल्या कुत्र्याचा ते नवख्यालाही कळतं.

ससा उठल्यावर त्याच्यामागे पळू नका. जिथून उठला त्या जागेजवळ या. ठसे पाहून तो ये-जा करतो ती पायवाट शोधा, जाळ्यांमधून गेलेली बोगद्यासारखी. तिच्यापासून दहा-बारा मीटर लांब, झाडाला पाठ टेकून उभे राहा, आपल्यापुढे निदान दोन-तीन मोकळ्या फटी असाव्यात. पायाखालचा बर्फ आणि काटक्या आधीच सारून घ्या, म्हणजे नंतर पाय हलवताना आवाज होणार नाही. बाण दोरीला लावून ठेवा, धनुष्य खाली. आणि मग हलू नका. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. उभा माणूस त्याला झाडासारखाच वाटतो, पण हात वर गेलेला लगेच कळतो.

कुत्र्यांचा आवाज दूर जात राहतो, बारीक होतो. नवख्याला वाटतं, गेला. थांबा. थोड्या वेळानं आवाज एका बाजूला सरकू लागतो, समजा उजवीकडून डावीकडे. ससा वळला. आता नजर आवाजाकडे लावू नका, आवाज ज्या दिशेनं सरकतोय तिच्या बऱ्याच पुढे लावा. ससा कुत्र्यांपासून शंभर-दीडशे मीटर पुढे असू शकतो. बहुतेक जण कुत्र्यांच्या आवाजाकडे बघत राहतात आणि ससा त्यांच्या पायाजवळून जातो. सबंध ससा दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नका. करड्या काटक्यांमध्ये आधी दिसतो तो काळाभोर, ओला, वाटोळा डोळा. मग त्याच्याभोवती हळूहळू कान, पाठ, शेपटीची कड जमत जाते.

मधेच आवाज थांबतो. याला चेक म्हणतात. सशानं काहीतरी केलेलं असतं : स्वतःच्याच वाटेवर काही पावलं मागे येऊन बाजूला लांब उडी मारलेली असते, किंवा गोठलेल्या ओढ्यावरून, नांगरलेल्या शेतातून, कडक रस्त्यावरून गेलेला असतो, जिथे वास टिकत नाही. चांगले कुत्रे शेवटच्या वासाभोवती लहान लहान फेरे घेत नीट शोधतात. हे चालू असताना माणसांनी मदतीला धावू नये. आपण तिथे तुडवातुडवी केली की उरलासुरला वासही जातो. आणि चेकच्या वेळी ससा बहुधा जवळच कुठेतरी थांबून ऐकत असतो, म्हणून शांततेत जास्त सावध राहा.

ससा पहिल्या फेरीत तुमच्यासमोरून गेला, पण तीस मीटरवरून? बाण सोडू नका. तो मोकळी जागा नेमकी कुठून ओलांडून गेला ते नीट लक्षात ठेवा. कुत्रे पुढे गेले की त्या ओलांडणीच्या दिशेनं वीसेक पावलं सरका आणि पुन्हा झाडाला टेका. दुसऱ्या फेरीत तो पुष्कळदा तिथूनच येतो. मला या शिकारीत सगळ्यात आनंद देणारी गोष्ट हीच आहे, आणि बंदूकवाल्याला ती करायची गरजच पडत नाही.

आवाज सरळ रेषेत दूर जात राहिला, वळलाच नाही, तर कुत्रे हरणामागे किंवा कोयोटीमागे, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यामागे, लागलेत. मालकाला लगेच सांगा. आवाज एका जागी घुमून बंद झाला तर ससा ग्राउंडहॉगच्या, म्हणजे जमिनीत बिळं खणणाऱ्या एका जाड्या प्राण्याच्या, बिळात शिरला. तो त्याचा. खणायचं नाही, कुत्र्यांना बांधून दुसऱ्या जाळीकडे जायचं.

सोडायचा की नाही

ससा आला, थांबला, बारा मीटरवर आडवा उभा आहे. आता एका श्वासात तीन गोष्टी तपासा. पहिला कुत्रा कुठे? आवाजावरून खात्री नसेल तर नाही. सशाच्या मागे काय? चढ किंवा मोकळी जमीन दिसत असेल तर ठीक; दाट झुडूप असेल आणि त्यामागे कोण आहे हे माहीत नसेल तर नाही. बरोबरचे लोक कुठे? सकाळीच ठरवून घ्यावं की प्रत्येकानं कुठल्या बाजूला बाण सोडायचा, आणि कुणी जागा बदलली तर हाक देऊन सांगायचं. बोथट बाणानंही माणसाचा डोळा जातो, कुत्र्याचा पाय मोडतो.

तिन्हींची उत्तरं मिळाली आणि ससा चालतोय, तर तोंडानं हलकीच एक शीळ घाला. बऱ्याचदा तो थबकतो. डोकं किंवा खांद्यामागची छाती, एवढंच निशाण. धनुष्य उचलणं, ओढणं, सोडणं एका लयीत झालं पाहिजे. ओढून धरून ठेवलंत की हात थरथरतो आणि सशाला हालचाल दिसते. लागल्यावर ताबडतोब जवळ जा आणि तो तडफडत असेल तर मानेमागे एका घावात संपवा. त्याला वेदनेत ठेवून बाण शोधत बसू नका. मग ससा तिथेच राहू द्या. कुत्रे मागावरून तिथपर्यंत येतील, हुंगतील. त्यांचं काम पूर्ण झाल्याचं त्यांना कळलं पाहिजे.

बाण चुकला तर तो सापडेपर्यंत शोधा, कुत्रे पुढे गेल्यावर. सोडला तिथे उभं राहून दिशा धरा आणि सरळ चालत जा.

दुपारी कुत्र्यांची देखभाल

दर दोन-तीन तासांनी कुत्र्यांना थांबवा. बोटांच्या मधे बर्फाच्या गोळ्या झालेल्या असतात, त्या हाताच्या उबेनं वितळवून काढा, ओढू नका. काट्यांनी शेपटीचं पांढरं टोक लाल झालेलं असतं. ते दिसायला भयंकर असलं तरी बीगलांना नेहमीचं आहे. कान फाटलेत का, डोळ्यात काटा आहे का, हे मात्र बारकाईनं बघा. डोळा मिचकावणारा कुत्रा त्या दिवसापुरता गाडीत. बर्फ खातात म्हणून पाण्याची गरज नाही असं समजू नका, कोमट पाणी द्या. फरसाठी प्राणी पकडणाऱ्यांनी पाणथळीच्या कडेला सापळे लावलेले असू शकतात, तेव्हा सापळ्यातून कुत्रा सोडवायचा कसा हे मालकाकडून आधीच शिकून ठेवा.

साफसफाई आणि रस्सा

रबरी हातमोजे घातल्याशिवाय ससा कापायचा नाही. सशांकडून माणसाला ट्युलरेमिया नावाचा आजार होऊ शकतो. हाताच्या चिरेतून किंवा डोळे चोळल्यामुळे जंतू शिरतात. यकृतावर (कलेजीवर) आणि प्लीहेवर बारीक पांढरे ठिपके दिसले, किंवा ससा पळण्याऐवजी मलूल बसलेला होता, तर तो खायचा नाही आणि कुत्र्यांनाही द्यायचा नाही. नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला, काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना "ससा हाताळला होता" हे आवर्जून सांगा. प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो, पण डॉक्टरांच्या मनात तो सहसा येत नाही.

कातडं पाठीवर मध्यभागी चिमटीत धरून आडवं चिरायचं, दोन्ही हातांची बोटं घालून उलट दिशांना ओढायचं. सगळं एका झटक्यात निघतं. आतडी रानातच काढा म्हणजे मांस लवकर गार होतं. बोथट बाणाचा मार बसतो तिथे रक्त साकळतं, तेवढा भाग कापून टाका. घरी आल्यावर तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये.

रानातल्या सशाच्या अंगात चरबी जवळजवळ नसते, म्हणून कोंबडीसारखं भराभर शिजवलं तर तो चामट होतो. आलं-लसूण, हळद, दही लावून तासभर मुरवा. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटण करा, तेल सढळ हातानं, आणि काळा मसाला. कुकरमध्ये मंद आचेवर चार शिट्ट्या करून मांडीचा तुकडा बघा. मांस हाडापासून आपणहून सुटत नसेल तर आणखी दोन. मांसाच्या आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसच्या वर जायलाच हवं, अर्धकच्चं ठेवायची फॅशन इथे नको. बरगड्यांची हाडं सुईसारखी असतात, त्यामुळे बरगड्या रश्श्यात न टाकता वेगळ्या उकळून फक्त पाणी घ्या. रश्श्याचा एक डबा कुत्रेवाल्याकडे पोचवा, तिखट जरा बेतानं. जे ससे लगेच शिजवणार नाही त्यांच्या पिशवीवर तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि पुढच्या शनिवारी निघण्यापूर्वी तिथे किती आहेत ते मोजा. दहाची मर्यादा फ्रीजरमधल्यांनाही लागू आहे.